चारच्या चहाचा बेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हल्ली लग्नपत्रिकांपासून हॉटेलांच्या जाहिरातींपर्यंत चारच्या चहाला सर्रास 'हाय टी' म्हणतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामकरी घरांतलं संध्याकाळचं पोटभर जेवण. नाजूक सँडविचवाला तो 'आफ्टरनून टी'. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसला जेवणापर्यंत दम निघेना, तिथून त्याची प्रथा पडली म्हणतात. असो.

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी चहाचा बेत असतो, दर वेळी नवा थाट. गेल्या खेपेला घरचं 'अमृततुल्य' झालं. माळ्यावरचं पितळी पातेलं चिंचेनं घासून काढलं. दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकदम उकळायचं, आलं-वेलची खलबत्त्यात कुटायची आणि फडक्यातून गाळायचं. फडकं पिळताना जावयांचा हात पोळला, पण चहा मात्र तसाच जमला. सोबत क्रीमरोल आणि खारी. नऊ वर्षांचा नातू खांद्यावर पंचा टाकून मालक झाला होता. आजोबांनी दुसरा कप मागितला, तर म्हणाला, "आधीची उधारी द्या!" शुगरमुळे त्यांना एकच कप, हे त्याला आईनं पढवलेलं.

त्याआधी इराण्याचं हॉटेल केलं होतं. बनमस्का झकास, पण ब्रून पाव इतका कडक निघाला की माझी कवळी हलली.

खर्च सात माणसांत साडेतीनशे. पुढच्या महिन्यात गवती चहा आणि उकडलेल्या शेंगा. कुंडीतला गवती चहा तेवढा मांजरानं ठेवला पाहिजे.

– एक आजी, सांगली