बाबांच्या लेथसाठी

वडोदरा

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकडे इंदूरच्या पोलोग्राउंडहून आणलेलं जुनं लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन, मागच्या शेडमध्ये बसवल्याचे फोटो दादाने पाठवले. बाबा, मशीन चांगलं आहे. बेडला (सगळे भाग ज्यावर बसतात त्या पायाला) गंज नाही, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा चक तीन जबड्यांचा आहे, म्हणजे जॉब आपोआप मध्यावर बसतो. निवृत्तीनंतर तुम्ही हे शिकायचं ठरवलंत याचा मला किती आनंद झालाय, ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे सूचनाच सूचना आहेत. इथे मकरपुऱ्याला वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना मी हेच सांगत असते. फोनवर सांगितलं तर तुम्ही 'हो गं, कळलं' म्हणून विषय संपवाल, म्हणून हे पत्र.

फोटोत मोटर भिंतीवरच्या साध्या खटक्यावर जोडलेली दिसते. तो खटका आधी बदला. लाइट जाते, मशीन थांबतं, माणूस वाकून चकपाशी हात घालतो, आणि तेवढ्यात लाइट आली की मशीन आपलं आपण फिरायला लागतं. पुश बटणाचा डीओएल स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारी पेटी) बसवला की लाइट येऊनही हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. लाल बटण तुम्ही उभे राहता तिथून, चकच्या वरून हात न नेता, दाबता आलं पाहिजे. वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या. हे होईपर्यंत मशीन चालवू नका, ही माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट चकच्या चावीची. जॉब घट्ट केला की हात आणि चावी दोन्ही एकदमच बाहेर. फोन वाजला, कुणी हाक मारली, तरी चावी चकमध्ये ठेवून वळायचं नाही. चावी अडकलेली असताना मशीन सुरू झालं तर ती कुणाच्या तोंडावर जाईल ते सांगता येत नाही. चावी काढल्यावर चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, जबडे टूलला (कापणाऱ्या पात्याला) किंवा कॅरेजला (टूल डावी-उजवीकडे नेणाऱ्या भागाला) कुठे अडत नाहीत ना. मगच बटण.

पुखराजाची अंगठी आणि घड्याळ घरात काढून ठेवा. थंडीतला तुमचा मफलर शेडमध्ये अजिबात नको. बाह्या कोपराच्या वर. हातमोजे घालावेसे वाटतील, पण फिरत्या मशीनवर तेच सगळ्यात घातक: कापडाचं टोक जॉबवर गुंडाळलं की पाठोपाठ हात ओढला जातो. चष्मा वाचायचा आहे, तो डोळ्यांचं रक्षण करत नाही, त्याच्यावरून गॉगल लावा.

आई, आता तुझ्याशी. चहा घेऊन शेडमध्ये जाऊ नकोस, बाबांनाच बाहेर बोलव. तुझा पदर त्या चकपासून लांब राहिला पाहिजे. आणि बोलवायचं झालं तर मागून हाक मारू नकोस, त्यांना दिसशील अशी दारात उभी राहा, ते मशीन बंद करून येतील. मेन स्विच कुठे आहे ते दादाकडून बघून घे आणि एकदा स्वतः बंद करून बघ. घरात कुणी नसेल तेव्हा बाबांनी मशीन चालवायचं नाही, हे तू ठरवून टाक.

बाबा, कपाटाच्या पितळी मुठी तुमच्या मनात आहेत, पण सुरुवात पितळेवर नको. नेहमीचं धार दिलेलं टूल पितळेत खुपसतं. सियागंजाच्या बाजारातून एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, 25 मिमीचा राउंड बार आणा. चकच्या बाहेर 40-50 मिमीच काढा. व्यासाच्या तिपटीहून जास्त बाहेर काढायचा असेल तर टेलस्टॉकचा, म्हणजे बेडच्या उजव्या टोकाच्या ठोकळ्याचा, आधार लागतो. टूल एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) घ्या आणि टूल पोस्टमधून (टूल पकडणाऱ्या भागातून) जेमतेम गरजेपुरतंच बाहेर ठेवा. त्याचं टोक टेलस्टॉकच्या सेंटरच्या टोकाला लावून उंची जुळवा, कमी पडली तर खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा.

या बारला मिनिटाला 30 मीटर कटिंग स्पीड धरली तर 30,000 मिमी भागिले बारचा घेर 78.5 मिमी, म्हणजे साधारण 380 फेरे येतात. तुमच्या मशीनवर त्याच्या खालची जी स्पीड असेल ती लावा, आणि बदलायची ती मशीन थांबवूनच.

पहिलं काम फेसिंग, म्हणजे बारचं तोंड सपाट करणं. टूल बाहेरून मध्याकडे सावकाश न्या, एका वेळी पाव मिलिमीटर पुरे. मध्यावर बारीक बोंडी उरली तर टूल मध्याच्या वर किंवा खाली आहे असं समजा. मग टर्निंग, म्हणजे बाहेरून कापून व्यास कमी करणं: टूल जॉबला हलकंच टेकवा, क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचा) डायल शून्यावर आणा, कॅरेज उजवीकडे नेऊन टूल अर्धा मिलिमीटर आत घ्या आणि फीड द्या, म्हणजे टूल सावकाश चककडे सरकवा. टूल अर्धा मिलिमीटर आत गेलं की व्यास एक मिलिमीटरने घटतो. काही डायलवर सरळ व्यासाचाच आकडा असतो, म्हणून पहिल्या कटनंतर मशीन थांबवून व्हर्नियरने मोजा, तुमचा डायल कुठल्या जातीचा ते कळेल. हँडल मागे घेताना एक-दोन रेघांची ढिलाई असते, तेव्हा माप नेहमी एकाच दिशेने येऊन घ्या.

चिप (कापून निघणारी धातूची साल) निळसर पडून लांब दोऱ्यासारखी निघाली तर हात लावायचा नाही. ती गरम असते आणि ब्लेडसारखी कापते. मशीन बंद करून आकड्याने ओढा. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर धरू नका, पट्टीची दोन टोकं दोन हातांत असू देत.

फोटोवरून तुमचा चक स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) आट्यांनी बसलेला वाटतो. तसा असेल तर मशीन उलटं फिरवू नका, चक सुटून येऊ शकतो. तो काढताना बेडवर आडवी फळी ठेवा, आणि दादा असल्याशिवाय काढू नका, तो चांगलाच जड आहे.

पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) आणि आटे पाडणं मी दिवाळीत आले की दोघं मिळून करू. तोवर फेसिंग आणि टर्निंगच करा, भरपूर करा. एचएसएसची दोन टूलं धार लावून कुरिअरने पाठवतेय. स्टार्टर बसला की त्याचा फोटो दादाला पाठवायला सांगा.

तुमची,
लेक