अजून कळलेलं नाही

प्रिय ताई,

वयानं तू माझ्या लेकीएवढी, पण सेटवर सगळेच ताई-दादा, म्हणून मी तुला ताई म्हणत आले आणि तू मला.

मालिका संपल्यावर मुलाखतींत मी लेखक, दिग्दर्शक, वाहिनी, प्रेक्षक, सगळ्यांचे आभार मानले. तुझं नाव राहिलं. चूक चारचौघांत झाली, म्हणून पत्रही चारचौघांतच.

तुझं काम कंटिन्युइटीचं, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखायचं. पर्स कालच्याच खांद्यावर आहे ना, एवढंच ते, असं लोकांना वाटतं. ते तर तू बघायचीसच. तुझ्या फोनमध्ये माझ्या चेहऱ्यापेक्षा मनगटांचे फोटो जास्त असतील. पण मला तू सावरलंस ते वेगळ्याच ठिकाणी. डेली सोपची गोष्ट क्रमानं कुठे शूट होते? दिवाणखान्याचं लायटिंग लागलं की तीन-चार भागांतले तिथले सगळे सीन एकदम काढायचे. सकाळी नवऱ्याच्या फोटोसमोर रडायचं, दुपारी त्याच्याशीच भांडायचं. त्यात आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली, टेलिकास्ट उद्यावर आणि सीनचे कागद ऐन वेळी हातात. संवाद पाठ होतात गं, पण या बाईला या क्षणी काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते डोक्यात राहत नाही. तू कॅमेऱ्यामागून यायचीस, कानाशी वाकून सांगायचीस, "अजून कळलेलं नाही." कधी, "कालच कळलंय, राग उतरलेला नाही." माझ्या अभिनयाचं म्हणून जे कौतुक झालं, त्यातलं बरंचसं या कुजबुजीचं आहे.

एकदा मी तुझ्यावर ओरडलेही. मुलाच्या पत्राचा सीन. मी जीव ओतून रडले, दिग्दर्शकानं ओके दिला, लाइट हलायला लागले, आणि तू एकटी म्हणालीस, "पुन्हा घ्यावा लागेल." रात्र झालेली, मी तडकले. तू न बोलता वही पुढे केलीस. पत्र पुढच्या भागात येणार होतं. न आलेल्या पत्रावर मी ढसाढसा रडले होते!

अमेरिकेतली 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२मध्ये टीव्हीवर आली आणि २००९मध्ये संपली. ७२ वर्षं. मला तिथल्या नटांपेक्षा वह्या सांभाळणाऱ्यांचंच कौतुक जास्त वाटतं.

आपला निरोपाचा सीन तर आधीच उरकला होता. शेवटच्या दिवशी उरला एक साधा शॉट: फोन वाजतो, मी उचलते, "हॅलो" म्हणते. भोवती सगळं युनिट उभं, मेकअपदादा डोळे पुसताहेत. माझा आवाज फुटेना. तू नेहमीसारखी आलीस, वाकलीस.

"ताई, हिला अजून काही कळलेलं नाही."

मी फोन उचलला.

तुझी,
ताई