अण्णा, खिडक्या बदलू नका

व्हिएन्ना,
पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई बोलत होती आणि मध्येच ट्रकचा हॉर्न आला. तिचं अर्धं वाक्य त्यात गेलं. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "काही नही माय, रातभर डोयाले डोया लागत नही, एवढंच." अण्णा, तुमची बीपीची गोळी वाढवली हे मला भाऊकडून कळलं. लोको शेडमध्ये जन्म गेला, आवाजाची सवय आहे, असं तुम्ही म्हणता. कानाला सवय होत असेल, पण झोपलेल्या अंगाला पुरती होत नाही. जाग आली नाही तरी हॉर्नसरशी छातीचे ठोके वाढतात. रात्री दहा ते सहा निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच लिहिलेली आहे. मे महिन्यात आले होते तेव्हा रात्री दोन वाजता तुमच्या पलंगाशेजारी मोबाइलवर मोजलं होतं. केळीचे ट्रक जाताना खिडकी उघडी असली तर ६३, मिटलेली असली तर ५८. मोबाइलचे आकडे तंतोतंत नसतात, पण दोन्हींतला फरक विश्वासाचा. नीट मिटणारी साधी काच असती तरी हा फरक दहाच्या वर जायला हवा होता. म्हणजे आपली खिडकी मिटते असं आपल्याला वाटतं, ती मिटतच नाही.

म्हणून भाऊने सांगितलेलं ते सव्वा लाखाचं कोटेशन वाचून मी लगेच लिहायला बसले. चार खिडक्यांना दुहेरी काच, दोन काचांमध्ये बारा मिलीमीटर जागा. अण्णा, एवढ्या अरुंद जागेतली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते. बाहेरची काच थरथरली की आतलीही थरथरते. ट्रकच्या इंजिनाची ती खालच्या पट्टीतली घरघर अशा काचेतून साध्या काचेइतकीच आत येते. ती खिडकी उन्हासाठी चांगली, पण आपलं दुखणं वेगळं आहे.

मी राहते ती इमारत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि खालून ट्राम जाते. तरी मी शांत झोपते, कारण इथल्या जुन्या घरांत एकामागे एक अशा दोन खिडक्या असतात. भिंतीच्या जाडीत बाहेरच्या अंगाला एक आणि आतल्या अंगाला दुसरी, मध्ये वीतभर पोकळी. याला इथे कास्टनफेन्स्टर म्हणतात, पेटीसारखी खिडकी. थंडीसाठी केलेली ही सोय आवाजालाही लागू पडते, कारण पोकळी जितकी रुंद तितकी ती हवेची स्प्रिंग सैल. हिवाळ्यात दोन खिडक्यांच्या मध्ये खाली लांबट उशी ठेवतात, फटीतली हवा अडवायला. ती उशी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आजीने दाराशी लावलेली गोधडीची गुंडाळी आठवली.

आपल्या घराच्या भिंती आजोबांनी अठरा इंची बांधल्या. खिडकीच्या आत एवढा कट्टा आहे की आई त्यावर पापड वाळवते. त्या कट्ट्यावर दुसरी चौकट मावते! गज जसेच्या तसे राहू द्या, जुन्या झडपाही राहू द्या. सुताराकडून आतल्या कडेला एक हलकी चौकट बसवून घ्या, मध्ये चार बोटं तरी जागा ठेवून, वीतभर मिळाली तर फारच उत्तम. बाहेरच्या तावदानापेक्षा आतली काच जाड घ्या. बाहेर चार मिलीमीटर असेल तर आत सहा. दोन्ही एकाच जाडीच्या असल्या की एकाच सुरावर दोघी मिळून कमजोर पडतात. आतली झडप बिजागरीची करा, सरकती नको. सरकत्या खिडकीला खोबणीत फट ठेवावीच लागते, आणि तिथे लावलेल्या ब्रशच्या पट्टीतून आवाज झिरपून येतो.

पण हे सगळं नंतर. आधी फटी. शंभर भागांत एक भाग जरी उघडा राहिला तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, एकूण आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवा आणि भाऊला बाहेरून टॉर्च फिरवायला सांगा. जिथून उजेड दिसेल तिथून हॉर्न येतो. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट पुट्टीने भरा. तावदानांभोवतीची लांबी, म्हणजे काच धरून ठेवणारी पुट्टी, वाळून गळाली आहे, म्हणून मालगाडी गेली की काच खणखणते; ती नव्याने लावून घ्या. झडप आणि चौकट भेटतात तिथे रबराची पट्टी लावा, ईपीडीएम म्हणून मागा. स्पंजची चिकटपट्टी स्वस्त मिळते, पण भुसावळच्या ४५ अंशांत ती एका उन्हाळ्यात भुगा होईल. झडप मिटताना कागद अडकवून ओढून पाहा. सहज निसटला तर पट्टी तिथे अपुरी आहे.

आणि अण्णा, वर पाहा. खिडकीच्या वरची ती सिमेंटची जाळी, जिथे कबुतरं बसतात. खिडकीवर कितीही खर्च केला तरी ती उघडी असेपर्यंत सगळं पाण्यात. रस्त्याकडच्या दोन्ही जाळ्या आतून जाड प्लायवूडने बंद करा, कडेने पुट्टी. परसाकडची जाळी मात्र अजिबात बुजवायची नाही, हवा तिथूनच खेळेल. स्वयंपाकघरातल्या कशालाच हात लावू नका, तिथे गॅस आहे.

मला खरी काळजी उन्हाळ्याची आहे. मार्चपासून जूनपर्यंत कूलर रस्त्याकडच्या खिडकीत, म्हणजे ज्या महिन्यांत आई सगळ्यात कमी झोपते त्याच महिन्यांत ती खिडकी सताड उघडी. कूलर परसाकडच्या खिडकीत हलवा. नळ तिकडे जवळच आहे, पाणी भरायलाही आईला सोपं. कूलरची दमट हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर खोली नुसती चिकट होते. तुमच्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवलं तर ती स्वयंपाकघराच्या जाळीतून निघून जाईल. ऊन येतं म्हणून तुम्ही कूलर तिकडे लावला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पत्र्याची छपरी टाकून घ्या.

जाड पडदे लावू म्हणून वहिनी म्हणत होती. लावा, खोलीतला घुमारा कमी होईल, पण बाहेरचा आवाज पडद्याने अडत नाही. एक गोष्ट मात्र लपवत नाही. मालगाडीची जमिनीतून येणारी धडधड खिडकीने थांबणार नाही, ती भिंतीतूनच येते. हॉर्न, ब्रेकची किंकाळी, रस्त्यावरची भांडणं, एवढं नक्की उतरेल.

आधी एकच खिडकी करा, तुमच्या पलंगाकडची. भाऊला सांगा, आठवडाभरात कट्ट्याची खोली, चौकटीची लांबी-रुंदी आणि जुन्या काचेची जाडी मोजून पाठव. दिवाळीला घरी आले की रात्री दोनला पुन्हा मोजू. आईला सांगा, तोवर मधल्या खोलीत झोप, खाली नको, पलंग हलवून घे.

तुमची,
बेबी