रहस्यकथा कोणासाठी लिहायची?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत रहस्यकथेवर आलेला लेख वाचला. या साहित्यप्रकाराची कोणीतरी आस्थेने दखल घेतली याचा आनंद झाला. पण त्यातले एक विधान मला मुळीच पटले नाही, आणि ते तसेच सोडून देववत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हुशार वाचक डोळ्यांपुढे ठेवू नये, ज्याला शेवटच्या पानापर्यंत काहीच कळणार नाही अशा सर्वसामान्य वाचकासाठी लिहावे, असे लेखक म्हणतात. पुराव्यादाखल त्यांनी बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेतले आहे.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि ज्या घरांत पंचांगाशिवाय दुसरे पुस्तक नव्हते त्या घरांत त्या पोचवल्या. त्यांचे हे ऋण मराठीने कधी नीट मानले नाही. पण त्यांच्या वाचकाला त्यांच्या नायकांबरोबर, झुंजारबरोबर, काळ्या पहाडाबरोबर धावायचे असते. दुसऱ्या जातीचा वाचक असतो तो लेखकाच्या पुढे धावायला बघतो. तुम्ही सांगायच्या आत खुनी कोण हे त्याला स्वतः शोधायचे असते. दोन्ही वाचक खरे आहेत. दुसरा नाहीच असे धरून चालणे मात्र चूक आहे, आणि मी लिहिते ती त्याच्यासाठी.

माझा असा वाचक म्हणजे माझी आत्या. ती गोव्यातल्या चोडण बेटावर राहते, प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. दुपारची जेवणे आटपली की बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या सोप्यात, बसून वाचते. हातात पेन्सिल, मांडीवर विजेच्या जुन्या बिलाचा कोरा भाग. त्यावर पात्रांची नावे एकाखाली एक. ज्याच्यावर संशय जाईल त्याच्यापुढे टिंब, दुसऱ्यांदा गेला की टिंबाची फुली. गोष्ट पाऊण झाली की ती पुस्तक मिटते, एका नावाखाली रेघ ओढते आणि मगच पुढे वाचते. तिचा अंदाज चुकला आणि चुकायला कारण होते असे तिला वाटले, तर तिच्यासारखा आनंद कोणाला होत नाही. पण आवश्यक ती गोष्ट लेखकाने लपवली असेल तर ती पुस्तक उचलून परत देते. दोन-चार दिवस त्याचा विषयही काढत नाही.

लिहिताना मला ते बिल दिसते. प्रत्येक प्रकरण संपले की मी विचारते, आत्ता तिने काय टिपले असेल? जे तिने टिपायला हवे ते मी कागदावर ठेवले आहे का? तिने टिपले तरी त्याचे वजन तिला लगेच कळू नये, एवढी ते ठेवण्याची जागा बरोबर आहे का? रहस्यकथेचे सगळे कसब या शेवटच्या दोन प्रश्नांत आहे. डोळ्यांपुढे कोणी नसेल तर हे प्रश्न विचारायचे कोणाच्या वतीने?

हे खूळ माझ्या एकटीचे नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे, आणि शोध घेणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा त्याच क्षणी वाचकापुढेही आला पाहिजे, हे त्यांतले दोन. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांनी मंडळ काढले. महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, अशी शपथ त्याच्या सदस्याला घ्यावी लागे. अमेरिकेत दोन चुलत भाऊ एलरी क्वीन या एकाच नावाने लिहीत. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत शेवटाआधी गोष्ट थांबते आणि लेखक वाचकाला उघड आव्हान देतो: सगळे तुझ्या हाती आले आहे, आता तू सांग. माझ्या आत्याने यातले कोणाचे काही वाचलेले नाही. पण तिची रेघ नेमकी त्याच जागी पडते.

आता आपल्या गोव्याकडे येते, कारण खरी अडचण इथे आहे. माझ्या एका दीर्घकथेत खाजन शेतीतल्या, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतल्या, मानशीला महत्त्व आहे. चोडणच्या माणसाला मानस सांगावी लागत नाही. बांधातले ते लाकडी दार भरतीचे पाणी चढू लागले की नदीच्या रेट्याने आपोआप मिटते, खारे पाणी शेतात शिरू देत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी ते लोटून उघडते आणि बाहेर धावते. तोंडाशी जाळे बांधायचे ते याच वेळी, कारण पाण्याबरोबर सुंगटे, म्हणजे कोळंबी, बाहेर येतात. माझ्या गोष्टीत घरचा जावई शपथेवर सांगतो की खून झाला तेव्हा, रात्री आठला, तो मानशीवर कंदील लावून जाळे धरून उभा होता. जाळे ओले आहे, टोपलीत सुंगटेही आहेत. गावातला निवृत्त तलाठी ते ऐकून घेतो आणि काही बोलत नाही.

त्या दिवशी एकादशी होती. कोकण किनाऱ्यावर जुन्या माणसांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. जागेप्रमाणे ती थोडी मागेपुढे होते, पण मोठा फरक पडत नाही. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे आठला भरती जवळजवळ पुरी, दार घट्ट मिटलेले. सुंगटे दुपारच्या ओहोटीची. त्या वेळी मानशीवर जाळे धरून उभे राहण्याचे सोंगच करता येईल.

हा दुवा वाचकापुढे ठेवायचा कसा? ‘आज एकादशी आहे’ असे पात्राच्या तोंडी घातले की आत्याची पेन्सिल तिथेच थबकणार. म्हणून मी ती तिथी स्वयंपाकघरात ठेवली. दुसऱ्या प्रकरणात थोरली वहिनी सासूबाईंसाठी साबुदाणा भिजत घालते आणि शेंगदाण्याचे कूट कमी पडले म्हणून धाकट्या जावेवर चिडते. दोन वाक्ये, त्यांत घरातली तेढही कळते. वाचक ती तेढ लक्षात ठेवतो, साबुदाणा विसरतो. मानस कशी चालते हे त्याआधीच एका पोराच्या तोंडून सांगून टाकले होते. हिशेबाची पाऊणपट आजोबांच्या बोलण्यात आली होती. पुण्याच्या वाचकाला मानस ठाऊक नसेल, पण एकादशी ठाऊक आहे. चोडणच्या वाचकाला दोन्ही ठाऊक आहेत. दोघांच्याही हातात सगळे दिले होते.

ती कथा एका दिवाळी अंकाने घेतली. आधी विचारणा झाली की मानस कोणाला कळणार, त्याऐवजी विहीर केली तर? मी नाही म्हटले. विहिरीला भरती नसते. मग अंक छापून आला, त्यात दुसऱ्या प्रकरणातला साबुदाणा नव्हता. जाहिरातीला जागा हवी होती आणि ‘स्वयंपाकघराचे वर्णन’ कथेला आवश्यक नाही असे कोणाला तरी वाटले. मला विचारले नाही. शेवटी तलाठी म्हणतो, ‘त्या दिवशी घरात उपास होता ना?’ आणि वाचकाला त्या उपासाचा पत्ताच नाही.

आत्याने अंक माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, ‘‘बाय, हे तू मला दाखवलं नव्हतंस.’’ मी मूळ हस्तलिखित काढून दाखवले तेव्हा कुठे तिचा राग गेला. पण बाकीच्या वाचकांना कोण हस्तलिखित दाखवणार? त्यांना वाटले असेल, लेखिकेने ऐनवेळी टोपीतून ससा काढला. याचे मला अजून वाईट वाटते.

पुरवणीतल्या त्या लेखाच्या लेखकांचा आणखी एक मुद्दा आहे की स्थानिक तपशिलांनी कथेचा वाचक आटतो. माझे मत नेमके उलटे आहे. गोव्यात घडणाऱ्या कितीतरी मराठी रहस्यकथांत म्हातारा बाप मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता पुतण्याला देतो आणि मुलगे खवळतात. गोव्यातला वाचक इथेच पुस्तक मिटतो. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो. त्यांना डावलून बापाला साधारण अर्ध्यापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. शिवाय नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, त्यामुळे बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. हे ध्यानात घेतले तर खुनाची कारणे बदलतात, संशयाची दिशा बदलते. ज्या सहीसाठी सगळे अडले आहे ती बाई गोष्टीच्या मध्यभागी येते. विदर्भातल्या वाचकाला हा कायदा पहिल्या चार प्रकरणांत समजावून सांगितला की तोही आपल्या बरोबरीने डाव खेळू शकतो. त्याला ते समजणार नाही असे आधीच ठरवणे हा त्याचा अपमान आहे. माझी आत्या जन्मभर पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवीत आली. आपण सोपे केले पाहिजे, कमी नव्हे, असे ती वर्गाबद्दल म्हणायची. मी ते गोष्टीलाही लावते.

आपल्या वृत्तपत्राकडून काही अपेक्षा आहेत. पुस्तक परीक्षणात खुनी कोण हे कृपया छापू नये, ‘अखेर जवळच्याच माणसाने घात केला’ अशा सूचक वाक्यांतही नको. गावच्या वाचनालयातल्या प्रतीत कोणीतरी पेन्सिलीने समासात नाव लिहून ठेवतो तेव्हा पुढच्या प्रत्येक वाचकाची दुपार वाया जाते. छापील परीक्षण तेच काम हजारो घरांत करते. पुरवणीत रहस्यकथा घेतली आणि जागेसाठी ओळी कमी करायच्या झाल्या, तर लेखकाला एक फोन करावा. कुठली ओळ काढता येईल हे तो दोन मिनिटांत सांगेल, आणि आनंदाने सांगेल. कथेचे चित्र काढणाऱ्याला पूर्ण कथा वाचायला द्यावी आणि पहिल्या पानावर शेवटचा प्रसंग रंगवू नये असे त्याला बजावावे. गेल्या दिवाळीत एका अंकात शीर्षकाच्या वरच गुन्हेगार हातात सुरा घेऊन उभा होता, मिशीसकट ओळखू येत होता. आत्याने नावांची यादीसुद्धा केली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक रहस्यकथालेखिका,
माशेल, गोवा