आठवा खेळाडू आला आणि माफियाचं फावलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या ऑनलाइन गेम्सवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात माफिया आणि अमंग अस या खेळांबद्दल एका वाक्यात उरकलंय की ज्याला बेमालूम खोटं बोलता येतं तो जिंकतो. मला हे पटलं नाही म्हणून लिहितेय. मी दहावीच्या गणिताचे क्लास घेते, गेमिंगमधलं मला फार कळत नाही, पण या एका खेळाने गेल्या गणपतीत माझी चांगलीच फजिती केली.

झालं असं की आमच्या सोसायटीच्या मंडळाने मुलांसाठी व्हिडिओ कॉलवर माफियाची स्पर्धा ठेवली, शिकायला बाहेर गेलेल्या पोरांनाही घरबसल्या भाग घेता यावा म्हणून. एका टेबलला 8 जण, त्यात 2 माफिया, बाकी 6 गाववाले, आणि लहान मुलं आहेत तेव्हा डॉक्टर (रात्री एकाला वाचवणारा), डिटेक्टिव्ह (रात्री एकाची ओळख गुपचूप तपासणारा) वगैरे काही नको, सोपं ठेवा असं ठरलं. जी बाजू जिंकेल तिच्या प्रत्येकाला 10 मार्क, हरेल तिला शून्य, प्रत्येकाचे 5 डाव. हा मार्कांचा नियम कुणी सुचवला? मीच. मार्क लिहायलाही मीच बसले होते. शेवटी माझी भाची शेवटून पहिली आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, मला एकदाही माफिया आला नाही गं." मी म्हटलं अगं नशीब असतं, पुढच्या वेळी येईल. रात्री मात्र झोप येईना, कागद घेऊन बसले.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माफिया कोण हे फक्त माफियाला माहीत. दिवसा सगळे मिळून मतदान करून एकाला बाहेर काढतात, रात्री माफिया गाववाल्यांपैकी एकाला गुपचूप उडवतो, माफिया आणि गाववाले सारखे उरले की माफिया जिंकला, सगळे माफिया सापडले की गाव जिंकलं. मॉस्कोमध्ये दिमित्री दाविदोफ नावाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने 1986 च्या सुमारास हा खेळ काढला, पुढे 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियाच्या जागी नरलांडगा आणला, आणि आपल्या पोरांपर्यंत तो पोचला अमंग असच्या अवतारात, जो आला 2018 ला पण घराघरात शिरला 2020 च्या लॉकडाऊनमध्ये.

आता हिशोब. समजा कुणालाच काही कळत नाही, सगळे डोळे मिटून मत देतात, आणि खेळ दिवसाच्या मतदानापासून सुरू होतो. 7 जणांत 1 माफिया असेल तर गावाला तीनच संधी मिळतात, 7 जण असताना, मग 5, मग 3. माफिया तिन्हीतून वाचण्याची शक्यता सहा-सप्तमांश गुणिले चार-पंचमांश गुणिले दोन-तृतीयांश, म्हणजे साधारण 46 टक्के. ठीक आहे, जवळजवळ बरोबरीचा सामना. आता यात एक गाववाला वाढवा, 8 झाले. तुम्हाला वाटेल गावाची ताकद वाढली, मलाही वाटलं होतं, पण संधी तीनच राहतात, 8 असताना, 6 असताना, 4 असताना, आणि दर वेळी शोधायचं मात्र जास्त लोकांतून. माफिया 46 वरून थेट 55 टक्क्यांवर! नववा आला की चौथी संधी मिळते आणि आकडा खाली 41 वर येतो. मी तीनदा ताडून पाहिलं. (ज्यांच्याकडे 8 च मुलं आहेत त्यांनी खेळ रात्रीपासून सुरू करावा, म्हणजे पहिल्या मतदानाला 7 उरतात, फक्त पहिल्याच रात्री जो पोरगा मरतो तो तासभर तोंड फुगवून बसतो, ते सांभाळायची तयारी ठेवा.)

आणि आमच्या स्पर्धेत तर 8 मध्ये 2 माफिया होते. 8 मध्ये 2 म्हणजे चौथाई, ऐकायला किती रास्त वाटतं. याच पद्धतीने मांडलं तर माफिया जिंकण्याची शक्यता 84 टक्के निघते. म्हणजे माझ्या 10 मार्कांच्या नियमाने माफियाची चिठ्ठी आली की सरासरी 8.4 मार्क आणि गाववाल्याची आली की 1.6, तोंड न उघडता. पाच डावांत तीनदा माफिया आलेल्याचे होतात 28 च्या आसपास, एकदाही न आलेल्याचे 8. पाच डावांत एकदाही माफिया न येण्याची शक्यता जवळजवळ 24 टक्के, म्हणजे आठातल्या सरासरी दोघांचं असं होतं. माझी भाची त्या दोघांतली. खरी मुलं डोळे मिटून मत देत नाहीत, कुणाचा आवाज बदलतो, कुणी हसतं, त्यामुळे गावाची बाजू कागदापेक्षा बरी असते हे मान्य, पण 84 वरून 50 वर आणायला नुसतं हसणं पुरत नाही.

आमच्या लहानपणी राजा-वजीर-चोर-शिपाई खेळायचो त्यातही राजाला काही न करता 1000 मिळायचे आणि वजिराला चोर ओळखायला दोघांतून एक निवडायचा असायचा, चुकला की त्याचे 800 चोराला. कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. कारण एका दुपारी पन्नास डाव व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकजण दहा-बारा वेळा राजा होऊन जायचा. माफियाचा एक डाव अर्धा-पाऊण तास चालतो, स्पर्धेत पाचच्या वर होत नाहीत, मग नशीब सारखं व्हायला वेळच मिळत नाही.

उपाय अवघड नाही. बाजूची जिंकण्याची शक्यता जेवढी, तेवढे मार्क हरल्यावर कापायचे, आणि 100 मधून ती वजा करून जे उरतं तेवढे जिंकल्यावर द्यायचे. आमच्या टेबलला माफिया जिंकला तर +16, हरला तर −84. गाववाला जिंकला तर +84, हरला तर −16. हिशोब करून बघा, सरासरी खेळणाऱ्याला कुठलीही चिठ्ठी आली तरी शेवटी शून्याच्या आसपास. सुरुवातीला कागदावरचे आकडे घ्या, मग वीस-पंचवीस डाव झाले की तुमच्याच ग्रुपमध्ये कोण किती जिंकतं त्यावरून ते सुधारा. आणि शक्य तर दोन्ही बाजू बरोबरीच्या आसपास आणा, कारण 84-16 चा खेळ मार्क कितीही न्याय्य दिले तरी खेळायला कंटाळवाणाच. अमंग असमध्ये (तिथे माफियाला इम्पोस्टर, गाववाल्यांना क्रू किंवा क्रूमेट आणि संशयिताला 'सस' म्हणतात) निदान इम्पोस्टर किती, किलचा कूलडाऊन (दोन खुनांमध्ये थांबायचा वेळ) किती, कोणाला किती लांबचं दिसणार, टास्क किती हे होस्टला बदलता येतं, क्रू सारखा हरत असेल तर कूलडाऊन वाढवला की जरा जमतं. तरी तिथेही क्रूमेट आला रे आला की पोरं गेम सोडून पळतात हे घरोघरी बघायला मिळतं. माझा भाचा यात अट्टल.

एक सावधगिरी मात्र. डोकं लावून आम्ही घरच्या ग्रुपमध्ये शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्याला 5 मार्क जास्त द्यायचं ठरवलं होतं. दोन डावांत सगळे मुके झाले. जो बोलतो, शंका काढतो, त्यालाच माफिया रात्री उडवतो, मग मार्क कोण घालवेल? आठही चौकोन गप्प, एकाचा तर कॅमेराच पंख्याकडे. रशिया-युक्रेनकडे माफियाच्या रीतसर स्पर्धा होतात, 10 खेळाडू, त्यात 3 माफियाचे आणि 1 शेरीफ (म्हणजे डिटेक्टिव्हच), तिथे मला उलटं आणि जास्त शहाणपणाचं वाटलं ते हे की पहिल्या रात्री जो मरतो त्याला तीन संशयितांची नावं सांगायची संधी असते आणि नावं बरोबर निघाली तर त्याला जादा गुण. म्हणजे मेलेल्याचंही ऐकून घेतात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिवंताचंही ऐकत नाहीत.

हे सगळं माझ्या मनाचं नाही. ब्रेवरमन, एतेसामी आणि मोसेल या तिघांनी 2008 मध्ये यावर पेपर लिहिलाय, त्यांचं म्हणणं डिटेक्टिव्ह नसेल तर सामना बरोबरीचा व्हायला माफिया एकूण लोकांच्या वर्गमूळाच्या पटीतच वाढवावे लागतात, डिटेक्टिव्ह असेल तर मात्र ठरावीक टक्के चालतात. म्हणजे 'दर चौघांमागे एक' हा आमचा नियम डिटेक्टिव्ह काढून टाकल्यावर मुळातच बसत नव्हता. बुद्धिबळातलं ईलो रेटिंग (हार-जीत बघून खेळाडूची ताकद मोजणारा आकडा) इथे लावा असं एका पालकांनी सुचवलं, पण ते दोघांच्या समोरासमोरच्या खेळासाठी आहे, तिथे पांढरी सोंगटी थोडी फायद्याची असली तरी आलटून पालटून मिळते. इथे चिठ्ठी तुमचं ऐकत नाही.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा खेळांवर लिहाल तेव्हा मार्क कसे मोजतात हेही दोन ओळींत येऊ द्या, आणि ज्या मंडळांनी बक्षिसं लावून हे खेळ ठेवलेत त्यांनी किती जणांत किती माफिया आणि कुणाला किती मार्क हे आधी बोर्डावर लावावं. आमच्याकडे यंदा 9 जणांत 1 माफिया करायचं चाललंय, म्हणजे माफिया जिंकला तर +59, हरला तर −41. तक्ता मी लिफ्टशेजारी चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलं होतं, "काकू सस आहेत."

आपली,
एक वाचक, चिंचवड