वजनकाट्यावर विसंबू नकोस

प्रिय नीलू,

तुझं पत्र काल आलं, दोनदा वाचलं. रक्त पडायचं थांबलंय, रात्री उठावं लागत नाही, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुढे एका वाक्यापाशी अडकले. ‘जे सोसतं तेवढंच खाते, वजन जागेवर आहे, आणि माझा आजार तर मोठ्या आतड्याचा, अन्न शोषलं जातं लहान आतड्यात, मग मला कुपोषणाची काय भीती?’ रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

माझं क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याच्या आजाराचं, निदान झालं त्या वर्षी मी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला होता. पोट दुखलं की त्या दिवशी खाल्लेल्या पदार्थावर काट. तिखट गेलं, मग कच्च्या भाज्या, मग दूध, मग कडधान्यं. आठ महिन्यांत न खोडलेले सहा पदार्थ उरले. पोट शांत होतं, म्हणून मी खूश. मग एका सकाळी बरणीचं झाकण उघडेना. फडकं गुंडाळून पाहिलं, बरणी पोटाशी धरून पाहिली. मनगट नुसतं थरथरत होतं. वजन तोवर जेमतेम दोन किलो उतरलं होतं. स्टिरॉइडमुळे चेहरा भरला होता, त्यामुळे भेटणारे ‘तब्येत सुधारली गं’ म्हणायचे. दर तपासणीला डॉक्टर वजन लिहून घ्यायचे आणि पुढे जायचे. मी काय खाते, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी हातात पकडीची ताकद मोजायचं यंत्र दिलं, तेव्हा उलगडा झाला. आतड्याला सूज असली की शरीर स्नायू मोडून खातं. त्यात प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, स्नायू आणखी झिजवतं, वर अंगात पाणी आणि चरबी साठवतं. काट्यावर आकडा तोच राहतो, आतला माल मात्र बदललेला असतो. जाड माणसातही हे होतं, आणि तिथे तर कुणाला संशयही येत नाही.

आता तुझ्या मोठ्या आतड्याचं. शोषण लहान आतड्यात होतं, हे खरंच. बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, आणि माझा आजार नेमका तिथे. तो धोका माझा, तुझा नाही. पण तुझ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या या सुजेत, इतके महिने रक्त गेलं, त्याच्याबरोबर लोह गेलं. सुजलेल्या अस्तरातून प्रथिनं झिरपतात. सुजेने भूक मरते, आणि उरलीसुरली भूक भीती खाते. तू सुजेवर सल्फासॅलाझिन घेतेस, त्याने फोलेटचं (हे एक बी जीवनसत्त्व) शोषण कमी होतं. स्टिरॉइडने हाडं झिजतात, आणि त्याच काळात तू दूध बंद केलंस! दूध तुला खरंच बाधतं का, की फक्त वाटतं? बाधत नसेल तर सोडायचं कारण नाही. बाधत असेल तर कॅल्शियम दुसरीकडून यायला हवं, आणि ड जीवनसत्त्वही तपासून घे.

फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, ‘नॉर्मल’ आलंय म्हणून निश्चिंत होऊ नकोस. सूज असली की फेरिटिन आपोआप चढतं. एरवी ३० च्या खाली गेलं तर लोह कमी म्हणतात, पण सूज चालू असताना १०० पर्यंत असलं तरी कमतरता असू शकते. तुझं ५८ आलं तेव्हा सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) किती होतं ते बघ, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ती तपासणी, केलंय का ते विचार. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं याच्या उलट: ते सुजेने उतरतं, त्यामुळे त्यावरून खाणं पुरेसं आहे की नाही हे ठरत नाही.

तू माझी पथ्याची यादी मागितलीस. ती मी देणार नाही, रागावू नकोस. माझं आतडं एका जागी अरुंद झालंय, म्हणून मी सालं, बिया, चोथा जपून खाते. तुला तसं काही नाही. माझी यादी तू पाळलीस तर फुकट उपाशी राहशील. तू उलट दिशेने जा. आता पोट शांत आहे तोवर सोडलेला एकेक पदार्थ थोडा थोडा परत आण, दोन-तीन दिवस बघ, मग पुढचा. प्रथिनांचा हिशोब मात्र आजच कर. सूज चढलेली असताना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, शांत काळात साधारण १ ग्रॅम. तुझ्या ५४ किलोंना आजाराच्या भरात ६५ ते ८० ग्रॅम लागत होते. पत्रात लिहिलंयस त्यावरून तू निम्म्यावरही नव्हतीस.

आणि वजन बघायचंच असेल तर कालच्याशी नको, सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघ. प्रयत्न न करता ५ टक्के उतरलं, म्हणजे तुझ्या बाबतीत पावणेतीन किलो, तरी डॉक्टरांना सांगायचं. १० टक्के म्हणजे धोका मोठा.

पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञांकडे पाठवा म्हणून स्वतःहून सांग. मी गप्प राहिले, त्यात आठ महिने गेले. आणि रविवारी फोन कर, गेल्या आठवड्यात काय काय खाल्लंस ते लिहून समोर ठेव. आपण दोघी मिळून बेरीज करू.

तुझीच,
माधवी