‘आव्हान संपुष्टात’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपले क्रीडापान मी खालून वर वाचते. कारण महिला टेनिस असलेच तर तिथेच असते, कबड्डीच्या निकालांखाली तीन ओळींत : ‘अंकिता रैनाचे आव्हान संपुष्टात’. समोर कोण होती, तिचा क्रमांक कितवा, सामना पात्रता फेरीतला की मुख्य स्पर्धेतला, कशाचाच पत्ता नाही. आमचे शेजारी एकदा म्हणाले, “ही कायम हरतेच की हो!” त्यांना तरी काय बोल लावायचा? वर्षभर एवढेच वाचायला मिळते.

अंकिता मूळची अहमदाबादची, पण तिचा खेळ घडला तो पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली. मार्च २०२० मध्ये ती एकेरीत जगात १६०वी होती. या आकड्यावर नाक मुरडणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, मुख्य फेरीत खेळतात १२८ जणी. शंभराच्या वर जागा क्रमवारीनेच भरतात, आठ वाइल्ड कार्डला, म्हणजे आयोजकांच्या पसंतीने, जातात. उरलेल्या १६ जागांसाठी आणखी १२८ जणी भांडतात आणि प्रत्येकीला ओळीने तीन सामने जिंकावे लागतात. विम्बल्डनची पात्रता फेरी तर विम्बल्डनला होतही नाही, ती रोहॅम्प्टनला होते. त्याच्याही खाली तेव्हा २५ हजार डॉलरच्या स्पर्धा असत. त्या जिंकणारीला चार हजार डॉलरसुद्धा मिळत नसत. पहिल्या फेरीत हरलेलीचे पैसे हॉटेलातच संपत. प्रशिक्षकाला सोबत न्यायचे कशाच्या जोरावर?

२०२१चेच घ्या. करोनामुळे ऑस्ट्रेलियन ओपनची महिला पात्रता फेरी दुबईत झाली. अंकिताने दोन सामने जिंकले, तिसऱ्यात ओल्गा डॅनिलोविचकडून तीन सेटमध्ये हरली. राखीव म्हणून मेलबर्नला गेली, तिथे १४ दिवस विलगीकरणात काढले. एकेरीतली जागा काही मोकळी झाली नाही. दुहेरीत मिहाएला बुझार्नेस्क्यूबरोबर मुख्य फेरी खेळायला मिळाली आणि जोडी पहिल्याच सामन्यात हरली. झाले, आव्हान संपुष्टात! पण त्याच महिन्यात, त्याच शहरात, तिने कामिला राखिमोवाच्या साथीने फिलिप आयलंड ट्रॉफी जिंकली. पहिला सेट २-६ असा गेल्यावर! डब्ल्यूटीए या महिलांच्या व्यावसायिक मालिकेतले हे तिचे पहिले विजेतेपद, आणि त्यामुळे दुहेरीत ती पहिल्या शंभरात आली.

त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिक. सानिया मिर्झा आणि अंकिता, समोर युक्रेनच्या किचेनोक भगिनी. पहिला सेट ६-० जिंकला, दुसऱ्यात ५-३ अशी आघाडी होती, पण तो टायब्रेकमध्ये निसटला. तिसऱ्या सेटऐवजी झालेल्या निर्णायक टायब्रेकमध्ये १-८ असे मागे असताना दोघींनी ८-८ केले आणि शेवटी ८-१० असा सामना गेला. हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पेपरात तर ‘पहिल्याच फेरीत गारद’ होते.” होतेच. कात्रण माझ्याकडे आहे.

रणजी सामन्यात कोणी चाळीस धावा काढल्या तर आपण फोटो छापता, त्याबद्दल तक्रार नाही. (माझा मुलगा क्रिकेटवाला आहे, घरात भांडण नको.) हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले तेव्हाही पान भरून मजकूर होता. पण ३० सप्टेंबर २०२३च्या आधी ही मुलगी कुठे कुठे खेळत होती, हे त्याच पानावरून कोणाला कळले असते? मार्च २०२० मध्ये भारत प्रथमच फेड चषक या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या प्ले-ऑफपर्यंत पोहोचला, त्या संघात ती होती. अंकिता तर तिथे एकेरीही खेळली आणि सानियाबरोबर दुहेरीही.

विनंती लहान आहे. बातमी तीन ओळींचीच राहू द्या, पण तिच्यात फेरी, प्रतिस्पर्धी, तिचा क्रमांक आणि गुणसंख्या येऊ द्या. आणि डेक्कन जिमखान्यावर महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरेल तेव्हा आपला वार्ताहर अंतिम सामन्याऐवजी एकदा पात्रता फेरीच्या दिवशी सकाळी पाठवा. बसायला जागा भरपूर असते.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे